एलएफपीची पेटंट संपली, मग जर्मनीतला ग्राहक पेटंटची हमी का मागतोय?

पॅकवाला_चाकण

मंडळी, चाकणला आम्ही तीनचाकी मालवाहू गाड्यांसाठी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅक बांधतो. सेल चीनहून येतात. प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारखे), ३.२ व्होल्ट, १०० एएच (अँपिअर-तास). सोळा सेल सिरीजमध्ये, म्हणजे ५१.२ व्होल्ट, ५.१२ किलोवॅट-तास. केसिंग, बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स) आमचं स्वतःचं.

जर्मनीत छोट्या मालवाहू गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीला ५०० पॅक हवे आहेत. दर ठरला, चाचण्यांचं वेळापत्रकही ठरलं. आता त्यांच्या वकिलांनी करारात कलम घातलंय की पॅकमुळे कुणाच्याही पेटंटचं उल्लंघन झालं तर सगळी भरपाई आम्ही द्यायची. रकमेला मर्यादा नाही.

सेलवाला म्हणतो, "एलएफपीची पेटंट २०२२ मध्येच संपली, बिनधास्त सही करा." हे खरं आहे का? खरं असेल तर ग्राहकाला भीती कशाची? आणि परवाना घ्यायचाच झाला तर तो कुणी घ्यायचा? सेलवाल्यानं, आम्ही, की गाडीवाल्यानं?

ऑलिव्हिन

सेलवाला खोटं बोलत नाहीये, पण अर्धंच सांगतोय. नेमकं काय संपलं ते आधी बघू.

लिथियम आयर्न फॉस्फेट कॅथोड (बॅटरीचा धन इलेक्ट्रोड) म्हणून चालतं हा शोध टेक्सास विद्यापीठातल्या (ऑस्टिन) जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला. गुडइनफ, अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंदस्वामी यांचा शोधनिबंध १९९७ चा, आणि त्या कामावरचं अमेरिकी पेटंट क्रमांक ५,९१०,३८२ मंजूर झालं १९९९ मध्ये. त्याचा परवाना कॅनडाच्या हायड्रो-क्यूबेकनं घेतला.

पण या एका पेटंटवर बॅटरी उभी राहत नव्हती. शुद्ध एलएफपी विजेच्या दृष्टीनं जवळजवळ दगडच असतो. त्याची वाहकता साधारण १०⁻⁹ सीमेन्स प्रति सेंटिमीटर. सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे १७० मिलिअँपिअर-तास असली तरी त्या पहिल्या निबंधात अगदी मंद करंटवरही जेमतेम ०.६ भाग लिथियम आत-बाहेर करत होतं. पुढची पायरी म्हणजे कणांवर कार्बनचा पातळ लेप, वजनाच्या साधारण एक ते तीन टक्के. ते काम मिशेल आर्माँ आणि सहकाऱ्यांचं, आणि त्यावरची पेटंट हायड्रो-क्यूबेक, माँट्रियल विद्यापीठ व फ्रान्सची राष्ट्रीय संशोधन संस्था सीएनआरएस यांच्याकडे. म्हणजे एका दाराला दोन कुलपं. पदार्थाचं एक, लेपाचं दुसरं. एलएफपी विकायचं तर दोन्ही किल्ल्या लागायच्या. पुढे या सगळ्यांनी ज्युड-केमी या जर्मन रसायन कंपनीला सोबत घेऊन स्वित्झर्लंडमध्ये एक परवाना कंपनी काढली आणि तिच्यामार्फत पावडर बनवणाऱ्यांना परवाने दिले.

भांडणंही भरपूर झाली. टेक्सास विद्यापीठानं जपानच्या एनटीटीवर २००१ मध्ये दावा लावला, तो २००८ मध्ये ३ कोटी डॉलरवर मिटला. ए१२३ सिस्टिम्स या अमेरिकी बॅटरी कंपनीशी २००६ पासून चाललेला वाद २०११ मध्ये तडजोडीनं संपला. चीनमध्ये मात्र तिथल्या बॅटरी उद्योगाच्या संघटनेनं अर्ज केला आणि २०११ मध्ये पेटंट कार्यालयाच्या फेरतपासणी मंडळानं कार्बन-लेपवालं चिनी पेटंट रद्दच केलं. तिथून पुढे चिनी कारखान्यांना देशातल्या विक्रीसाठी तो अडथळा उरला नाही. बाहेर, जिथे पेटंट जिवंत होती तिथे, निर्यात करताना मात्र अडचण होतीच.

एलएफपी दहा वर्षं चीनमध्येच का वाढलं, याची कारणं बरीच आहेत. बाहेरच्या गाडीवाल्यांना लांब पल्ला हवा होता आणि त्यात एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टचा कॅथोड) सरस ठरत होतं, हेही एक. पण परवान्याचा मुद्दा वगळून हा इतिहास सांगता येत नाही. दहा वर्षांत ज्यांनी लाखो टन पावडर भाजली, त्यांच्याकडेच पुढच्या सुधारणांची पेटंट जमा झाली. तुमचा आजचा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

एक उपयोगाची गोष्ट. संपलेल्या पेटंटमध्ये जे लिहिलंय ते जसंच्या तसं वापरत असाल, तर त्याच गोष्टीवर नवं पेटंट कुणाला टिकवता येत नाही. म्हणून ती जुनी पेटंट संग्रही ठेवा, बचावाला तोच पहिला कागद असतो. पण आजची १०० एएच सेल १९९७ च्या कृतीनं बनलेली नसते. दाबल्यावर घनता वाढावी म्हणून कणांच्या आकारांचं मिश्रण, टायटॅनियम किंवा व्हॅनेडियमचं डोपिंग (किंचित मिसळ), इलेक्ट्रोलाइटमधली ॲडिटिव्ह, सेपरेटरवरचा (दोन इलेक्ट्रोडांमधल्या पडद्यावरचा) सिरॅमिक थर, अशा प्रत्येक थरावर जिवंत पेटंट असू शकतं. सेलवाला उद्या एलएमएफपी, म्हणजे मँगनीज घातलेला प्रकार द्यायला लागला तर हा सगळा तपास नव्यानं करावा लागेल.

क्लेम_वाचा

वरचं बरोबर. आता जर्मन वकिलांची भीती कुठली ते सांगतो, कारण ती अनाठायी नाही.

सध्या सगळ्यात तापलेला भाग कॅथोड नाही, सेपरेटर आणि इलेक्ट्रोडची रचना आहे. पॉलिमरच्या पातळ पडद्यावर ॲल्युमिनासारख्या सिरॅमिक कणांचा सच्छिद्र थर द्यायचा, म्हणजे सेल तापला तरी पडदा आकसून शॉर्ट होत नाही. एलजीचं अमेरिकी पेटंट ७,६६२,५१७ याच प्रकारातलं. त्यावरून एलजी आणि एसके या दोन कोरियन बॅटरी कंपन्या वर्षानुवर्षं भांडल्या. त्यांच्यातला सगळ्यात मोठा निकाल मात्र पेटंटचा नव्हता, व्यापारी गुपितांचा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं एसकेवर १० वर्षांची आयातबंदी घातली. फोर्डला ४ आणि फोक्सवॅगनला २ वर्षांची सवलत दिली. एप्रिल २०२१ मध्ये तडजोड झाली ती २ लाख कोटी वॉनवर, त्यातली निम्मी रक्कम रॉयल्टीच्या रूपात.

आता युरोप. एलजी एनर्जी सोल्युशन आणि पॅनासॉनिक यांनी आपली पेटंट एकत्र परवान्यावर द्यायला २०२४ मध्ये ट्युलिप इनोव्हेशन ही परवाना कंपनी पुढे केली. पाच हजारांवर पेटंट आहेत त्यात. मे २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं सनवोडा या चिनी सेल कंपनीविरुद्ध ट्युलिपच्या बाजूनं जर्मनीत विक्रीबंदीचा आदेश दिला. तुमच्या ग्राहकाच्या वकिलानं तो वाचलेला असणारच. जर्मनीत पेटंटचं उल्लंघन झालं का हे एक न्यायालय बघतं आणि पेटंट मुळात वैध आहे का हे दुसरं. बंदीचा आदेश आधी हातात पडतो, वैधतेचा निकाल मागून येतो. त्यामुळे "हे पेटंट टिकणारच नाही" हे तुमचं म्हणणं खरं असलं तरी माल तोवर अडकलेला असतो. शिवाय १ जून २०२३ पासून युरोपचं एकत्रित पेटंट न्यायालय सुरू झालंय. त्याचा एक आदेश १८ देशांत लागू होऊ शकतो. सीमाशुल्क अधिकारीही पेटंटच्या तक्रारीवरून माल थांबवू शकतात.

आणि हो, जर्मनीत आयात करणारा तुमचा ग्राहक आहे. पहिला प्रतिवादी तोच होणार. म्हणून तो कलम मागतोय.

परवाना कुणी घ्यायचा याचं उत्तर: सेलच्या आतल्या गोष्टींचा सेल बनवणाऱ्यानं. पॅकच्या रचनेचा, कूलिंगचा, बीएमएसच्या पद्धतींचा तुम्ही. गाडीवाल्यानं काहीच नाही, निदान बॅटरीपुरतं.

पण "माझ्याकडे परवाना आहे" असं सेलवाला म्हणाला की तिथं थांबू नका. त्या परवान्यात देश कुठले आहेत ते विचारा. परवानाधारकानं विकलेल्या वस्तूवरचा पेटंटधारकाचा हक्क पहिल्या विक्रीत संपतो हे तत्त्व सगळीकडे आहे, पण त्याची हद्द वेगळी. अमेरिकेत २०१७ च्या लेक्समार्क निकालानंतर जगात कुठेही पहिली विक्री झाली तरी हक्क संपतो. युरोपात मात्र पहिली विक्री युरोपीय आर्थिक क्षेत्रात, पेटंटधारकाच्या संमतीनं झालेली असावी लागते. म्हणजे चीन आणि भारतापुरता परवाना असलेला, रीतसर पैसे भरलेला सेल तुम्ही चाकणला पॅकमध्ये घातलात आणि हॅम्बुर्गला उतरवलात, तर तिथे तो विनापरवाना ठरू शकतो. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात.

सोलापुरी_बीएमएस

टेस्लानं २०१४ मध्ये सगळी पेटंट खुली केली होती ना? त्यांचीच पॅक-रचना वापरली तर प्रश्न मिटेल की.

क्लेम_वाचा

नाही मिटणार. जून २०१४ ची ती घोषणा म्हणजे "सद्भावनेनं वापरणाऱ्यावर आम्ही दावा लावणार नाही" इतकंच. सद्भावनेच्या अटी त्यांनी लिहून ठेवल्यात. तुम्ही टेस्लावर कुठलंही पेटंट लावायचं नाही, इलेक्ट्रिक वाहनांच्या तंत्रासाठी दुसऱ्या कुणावरही लावायचं नाही, टेस्लाच्या पेटंटला आव्हान द्यायचं नाही आणि त्यांच्या मालाची नक्कल विकायची नाही. म्हणजे वापर सुरू केलात की तुमची स्वतःची पेटंट म्यानात. लहान कंपनीला हा सौदा चालेलही, पण तो डोळे उघडे ठेवून करायचा. आणि टेस्लाकडे नसलेल्या पेटंटपासून, म्हणजे वर सांगितलेल्या सेपरेटरसारख्या गोष्टींपासून, त्यानं काडीचंही संरक्षण मिळत नाही.

पॅकवाला_चाकण

देशांचा मुद्दा डोक्यातच नव्हता. सेलवाल्याकडे मागणी करतो.

दोन उपप्रश्न. पॅकच्या बाजूची तपासणी घरच्या घरी कितपत करता येईल? आणि रॉयल्टी द्यावी लागली तर पॅकमागे किती धरायची?

क्लेम_वाचा

तपासणीचा पहिला टप्पा तुमच्या डिझाइन इंजिनिअरनं करावा. वकिलाला तुमचा पॅक समजावून सांगण्यातच निम्मी फी जाते.

आधी पॅकचे भाग सुटे करून कागदावर मांडा. सेल एकमेकांवर दाबून धरणारी पट्टी, मधलं इन्सुलेशन, बसबारची जोडणी, उष्णता बाहेर काढायची वाट, गॅस बाहेर जायची वाट, बीएमएसची बॅलन्सिंगची (सगळ्या सेलचा चार्ज सारखा ठेवायची) पद्धत, चार्जची पातळी मोजायची पद्धत. प्रत्येक भागासमोर एकच वाक्य, "हे कसं काम करतं". एलएफपीचा व्होल्टेजचा आलेख मध्ये सपाट असतो, त्यामुळे चार्ज किती उरलाय हे व्होल्टेजवरून कळत नाही, आणि म्हणून त्या अंदाजाच्या पद्धतींवर पेटंटची गर्दी आहे. तिथे वेळ द्या. साधी करंट मोजून बेरीज-वजाबाकी आणि पूर्ण चार्जला शून्यदुरुस्ती एवढंच करत असाल तर ते जुनं, मोकळं तंत्र आहे.

शोध वर्गीकरणाच्या कोडनं करा, नुसत्या शब्दांनी नको. पॅक आणि मॉड्यूलसाठी एच०१एम ५०/२०४, थंड करण्यासाठी एच०१एम १०/६१३, गाडीतल्या बॅटरीच्या देखरेखीसाठी बी६०एल ५८/१०. सेलवाल्याशी बोलताना कॅथोडच्या फॉस्फेटसाठी एच०१एम ४/५८२५ आणि इलेक्ट्रोलाइटमधल्या ॲडिटिव्हसाठी एच०१एम १०/०५६७ हाताशी ठेवा. युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पासनेट आणि आपल्या पेटंट कार्यालयाचं इनपास, दोन्ही फुकट आहेत. भारतातही शोधायचं, कारण तुम्ही बनवता इथे.

सापडलेल्या पेटंटचं वर्णन आणि आकृत्या बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. शेवटी दिलेले क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी कलमं, वाचा, त्यातले स्वतंत्र क्लेम आधी. क्लेममध्ये पाच घटक असतील आणि तुमच्या पॅकमध्ये चारच असतील तर शब्दशः उल्लंघन होत नाही. पाचवा घटक "जवळपास तसाच" असेल तर ते पान वकिलासाठी बाजूला ठेवा. मग त्या पेटंटची वार्षिक फी भरलेली आहे का ते बघा. फी थकून मेलेली पेटंट बरीच निघतात आणि यादी झपाट्यानं लहान होते.

एक आंधळी जागा राहतेच. अर्ज दाखल झाल्यावर १८ महिने तो प्रसिद्ध होत नाही. म्हणून शोधाची तारीख अहवालावर लिहा आणि दीड वर्षानं तोच शोध परत लावा.

हिशेबनीस

रॉयल्टीचं मी सांगतो. दर ठरवण्याआधी दर कशावर लागणार ते ठरवा, खरा फरक तिथे पडतो. समजण्यापुरते आकडे घेऊ, बाजारभाव नव्हेत. सेल किलोवॅट-तासाला ६,००० रुपये, तुमच्या ५.१२ च्या पॅकमध्ये सेलची किंमत ३०,७२० रुपये. पॅक विकता ४८,००० ला. गाडी ४ लाखांची. २ टक्के रॉयल्टी सेलवर लावली तर ६१४ रुपये, पॅकवर ९६०, गाडीवर ८,०००. टक्का तोच. पेटंट सेपरेटरचं असेल तर सेलच्या पुढे जाऊच नका. शक्य असेल तर टक्क्याऐवजी किलोवॅट-तासाला ठरावीक रक्कम मागा. सेलचे भाव घसरत असताना टक्केवारी परवडते हे खरं, पण लेखापरीक्षणाच्या वेळी "विक्री किंमत म्हणजे नेमकी कुठली" हा वाद ठरावीक रकमेत उद्भवतच नाही.

कराराच्या मसुद्यात आणखी दोन ठिकाणी पैसे गळतात. एक, वर्षाची किमान रॉयल्टी. माल विकला नाही तरी ती द्यावी लागते. पहिल्या दोन वर्षांसाठी ती काढून घ्या. दुसरं, कर. परदेशी कंपनीला रॉयल्टी देताना आपल्याला कर कापावा लागतो. आयकर कायद्यानं दर २० टक्के आहे, पण जपान, दक्षिण कोरिया, जर्मनी यांच्याशी असलेल्या करारांमुळे तो १० टक्क्यांवर येतो, समोरच्यानं त्याच्या देशाचं कर-रहिवासी प्रमाणपत्र दिलं तर. मसुद्यात "सर्व कर वगळून निव्वळ रक्कम" असं असेल तर तो कर तुमच्या खिशातून जातो. १०० रुपये पोचवायला १११ लागतात. वर १८ टक्के जीएसटी उलट आकारणीनं तुम्हीच भरायचा. त्याचं क्रेडिट मिळतं, पण रोकड तेवढा काळ अडकते.

ड्रायरूम

विषय थोडा पुढे नेतो, कारण पॅकवरून सेलकडे जायचा विचार इथे बऱ्याच जणांच्या मनात दिसतो.

पेटंटचा परवाना आणि तंत्रज्ञानाचा परवाना यांत गल्लत करू नका. पहिल्यात "आम्ही तुमच्यावर दावा लावणार नाही" एवढंच मिळतं. सेल कसा बनवायचा ते दुसऱ्यात मिळतं. एलएफपीची मूळ पेटंट संपूनही फोर्डनं २०२३ मध्ये मिशिगनच्या मार्शल इथल्या कारखान्यासाठी चीनच्या सीएटीएल या सेल कंपनीचं तंत्रज्ञान परवान्यावरच घेतलं. आपल्याकडे एक्साइडनं २०२२ मध्ये चीनच्या एसव्होल्टशी, अमरा राजानं २०२४ मध्ये चीनच्याच गोशन समूहातल्या कंपनीशी तसेच करार केले. रिलायन्सनं वेगळी वाट धरली. २०२२ मध्ये लिथियम वर्क्स या एलएफपी बॅटरी कंपनीची मालमत्ता तिच्या पेटंटांसकट ६.१ कोटी डॉलरना विकत घ्यायचा करार केला.

कारण साधं आहे. स्लरी (इलेक्ट्रोडच्या पावडरीचा ओला लगदा) किती वेळ, कुठल्या क्रमानं ढवळायची, फॉइलवर दर चौरस मीटरला किती ग्रॅम आणि त्यात किती फरक चालेल, कॅलेंडरिंगचा (लेप दिलेली फॉइल रुळांमधून दाबण्याचा) दाब किती, कोरड्या खोलीचा दवबिंदू उणे ४० अंशांवर कसा टिकवायचा, पहिल्या चार्जला करंट किती आणि नंतर सेल किती तास कुठल्या तापमानाला ठेवायचा, हे पेटंटमध्ये नसतं. असलं तरी "१ ते ५०" असल्या ऐसपैस पट्ट्यात असतं. हे न कळता लाइन सुरू केली तर माल निघतो, पण भंगार जास्त निघतं, आणि जो पास होतो त्यातल्या काही सेलची क्षमता दोनशे-तीनशे सायकलनंतर अचानक ढासळते. ओलावा राहिला की इलेक्ट्रोलाइटमधल्या लिथियम मिठापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, ते कॅथोडमधलं लोह विरघळवतं, ते ॲनोडवर जाऊन बसतं. तपासणीत पहिल्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून तंत्रज्ञानाचा परवाना घेताना कागदांच्या गठ्ठ्यावर सही करू नका. पैशाचे हप्ते परिणामाशी बांधा. अमुक टक्के सेल पास झाले की अमुक हप्ता, तेही तुमच्या लाइनवर, तुमच्या माणसांच्या हातून. कॅथोड पावडर दुसऱ्या पुरवठादाराची वापरायची मुभा लिहून घ्या, नाहीतर कृती एकाच कारखान्याच्या पावडरीला बांधलेली निघते. तुम्ही केलेल्या सुधारणा आपोआप त्यांच्या मालकीच्या होतील असं कलम असेल तर ते "त्यांनाही वापरता येतील" इथपर्यंत खाली आणा. आणि जुलै २०२५ पासून चीननं एलएफपी व एलएमएफपी कॅथोड बनवायचं तंत्र निर्यात-नियंत्रणाच्या यादीत घातलंय. चिनी कंपनीनं करार केला तरी सरकारी परवानगी नाकारली गेली तर आगाऊ रक्कम परत, हे कलम हवंच.

पॅकवाला_चाकण

सगळ्यांचे आभार. आता कलमाचं काय करू? ग्राहक कलम काढायला तयार नाही.

क्लेम_वाचा

काढायला सांगूच नका, वाटणी करा.

सेलच्या आतल्या पेटंटची जबाबदारी सेलवाल्याकडून जशीच्या तशी लिहून घ्या, जर्मनीचं नाव घालून. त्याच्या मसुद्यात बहुतेक दोन पळवाटा असतील. "इतर वस्तूंशी जोडून वापरल्यास जबाबदारी नाही" ही पहिली. सेल पॅकमध्ये जोडण्यासाठीच विकला जातो, तेव्हा "सेल स्वतःच कारण असेल तर जोडणीची सबब चालणार नाही" हे वाक्य घाला. दुसरी म्हणजे भरपाईची मर्यादा त्या खेपेच्या बिलाइतकी. ती निदान वर्षभराच्या खरेदीइतकी करा.

ग्राहकाला पॅकच्या रचनेपुरती तुमची हमी द्या आणि एकूण रकमेला मर्यादा घाला, ५०० पॅकच्या ऑर्डरच्या किमतीइतकी म्हटली तर ते सहसा ऐकतात. ग्राहकानं स्वतः दिलेल्या ड्रॉइंगमुळे उद्भवलेलं उल्लंघन वगळा. नोटीस आली तर १५ दिवसांत तुम्हाला कळवायचं, तुम्हाला न विचारता तडजोड करायची नाही, आणि उपाय निवडायचा हक्क तुमचा, परवाना मिळवणं, रचना बदलणं, सेल बदलून देणं किंवा पैसे परत करणं. सेल बदलून देता येण्यासाठी दुसऱ्या कंपनीचा त्याच मापाचा सेल आताच चाचणी करून ठेवा, बीएमएसच्या सेटिंगसकट. बंदी आल्यावर तो शोधायला वेळ नसतो. तुमच्या नेहमीच्या दायित्व विम्यात पेटंटचे दावे बहुतेक वगळलेले असतील, तेही पॉलिसी काढून बघा.

आणि प्रत्येक लॉटमधले चार-पाच सेल ३० ते ५० टक्के चार्जवर, लॉट क्रमांक आणि बिलाच्या प्रतीसह सील करून ठेवा. सेलवाला न कळवता सेपरेटर किंवा ॲडिटिव्ह बदलतो, आणि दावा आला की "तो लॉट आमचा नव्हेच" म्हणतो. सेल उघडून सूक्ष्मदर्शकाखाली सेपरेटरवरचा थर दिसतोच, पण तपासायला त्याच लॉटचा न वापरलेला सेल हाताशी लागतो.